मलम माझं आहे

बेटाचं नाव सांगणार नाही. एदुविनाबाई आता पुंता आरेनासला बहिणीकडे राहतात. मी फोन करून विचारलं, "तुमच्याबद्दल लिहू का?" त्या म्हणाल्या, "लिही, पण बेट समुद्रात बुडव." म्हणून बुडवलं आहे. माणसांची नावंही बदलली आहेत. तरीही कुणाला कुणी ओळखू आलंच, तर त्याने ओळखून गप्प बसावं.

एदुविना लेविकोय आमच्या बेटावरच्या दवाखान्यात एकतीस वर्षं होत्या. दवाखाना म्हणजे फळ्यांच्या दोन खोल्या, एक लाकडाची शेगडी आणि व्हरांड्यात एक लांब बाक. डॉक्टर महिन्यातून एकदा बोटीने येणार, तेही समुद्राची मर्जी असली तर. उरलेले सगळे दिवस बाई. त्या डॉक्टर तर नव्हत्याच, कागदोपत्री नर्ससुद्धा नव्हत्या, नर्सच्या हाताखालच्या मदतनीस होत्या. पण आमच्यापैकी निम्म्यांच्या नाळा त्यांनी कापल्या आणि उरलेल्यांच्या हातात घुसलेले गळ काढले. बेलार्मिनो, म्हणजे आमचा बोटवाला, त्याच्या तळव्यातला गळ काढताना त्यांनी त्याला दारूवरून असं काही झापलं की बिचारा ओरडायचंच विसरला. भूल देण्याची त्यांची ही पद्धत बेटावर सगळ्यांना माहीत होती.

लग्न केलं नाही. का नाही, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. बाप होड्या बांधायचा, त्याच्यासारखेच त्यांचे हात रुंद आणि आवाज मोठा. पावसाळी बूट गुडघ्यापर्यंत, त्यावर पांढरा अ‍ॅप्रन, आणि खिशात कायम अर्धवट विणलेला एक लोकरी मोजा. मोजा कधी पुरा झालेला मी पाहिला नाही.

त्यांची एक सवय सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. दवाखान्याची मधली भिंत एका फळीची. आत कुणी शिंकलं तर बाहेरच्या बाकावरून "देव भलं करो" म्हणायचे. त्यामुळे तपासून झालं की बाई पेशंटला दारापर्यंत सोडायला यायच्या आणि सगळ्या बाकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायच्या, "प्रेशर ठीक आहे, मीठ कमी खा!" खोकला असो, पोटदुखी असो, तिसरा महिना असो, बाहेर निरोप हा एकच. परक्या माणसाला वाटावं की या बेटावर लोक नुसतं मीठच खातात. पण कुणाला काय झालंय ते बाईंच्या तोंडून एकतीस वर्षांत बाहेर पडलं नाही. एकशे ऐंशी माणसांच्या बेटावर, जिथे माझी कोंबडी कुणाच्या कुंपणात अंडं घालते हेही सगळ्यांना ठाऊक, तिथे ही गोष्ट साधी नव्हे.

आता माझं सांगतो. सांगताना आजही कान गरम होतात.

मी रोसामेल चिग्वाय, बेटाचा फिस्काल. पाद्री आमच्याकडे वर्षातून दोनदा येतो, एरवी चॅपेलमधली प्रार्थना मी सांगतो, मेलेल्यासाठी नऊ दिवसांचा जप मी करतो, आणि नवरा-बायकोचं भांडण हातघाईवर आलं तर मला बोलावतात. माझ्या बापाने हेच केलं, आजोबांनीही. बायको नेल्दा जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगा मुख्य भूमीवर नोकरीला. एकावन्नाव्या वर्षी मी समोरच्या बेटावरच्या एर्सिल्याशी, तीही विधवा, लग्न ठरवलं होतं. जानेवारीत पाद्री आला की लग्न. सगळं ठरलेलं, डुक्करसुद्धा.

आणि ऑगस्टमध्ये मला चामखिळी आल्या. हातावर नाही. तिथे.

आधी एक होती. मी म्हटलं, जाईल. मग तीन झाल्या. मग मोजायचं सोडून दिलं. नेल्दा गेल्यावर मी कुणाकडे गेलो नव्हतो, एर्सिल्याचा तर मी फक्त हात धरला होता. मग हे आलं कुठून? लोक मात्र बोटं मोजणार: फिस्काल सहा वर्षं विधुर, आणि त्याला हा रोग. चॅपेलमध्ये मी तोंड उघडलं की समोरची पहिली रांग माझ्या तोंडाकडे बघणार नाही, भलतीकडेच बघेल. आणि एर्सिल्याच्या भावांच्या कानावर गेलं तर ते वल्ही घेऊनच येतील. मी घरी सफरचंदाचा व्हिनेगर लावला. जाळलेली लसूण लावली. एकदा तर शेगडीची राख लावली. त्याने काय झालं ते लिहीत नाही, एवढंच सांगतो की त्या रविवारी मी सगळी प्रार्थना उभ्याने सांगितली.

बाईंनी ते बघितलं. प्रार्थना संपल्यावर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "रोसामेल, गुडघे टेकत नाहीस, घोड्यावर बसत नाहीस. मंगळवारी ये. मंगळवारी प्रेशरचा दिवस असतो."

चाळिशीच्या पुढच्या सगळ्यांचं प्रेशर मंगळवारी. बाकावर मी नववा होतो. आत गेल्यावर बाईंनी दार लावलं, शेगडीवरच्या किटलीचं झाकण मुद्दाम खडखडत ठेवलं आणि म्हणाल्या, "बोल. हळू बोल."

मी खिडकीकडे बघून म्हटलं, "चामखिळी आहेत."

"कुठे?"

मी परत खिडकीकडे बघितलं.

"बरं," बाई म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. "महिन्याच्या बोटीने डॉक्टर येतो, त्याला दाखवणार?"

बोटीचा डॉक्टर चॅपेलच्या हॉलमध्ये बसतो, मध्ये एक चादर टांगून. "मरेन, पण नाही दाखवणार," मी म्हटलं.

"मरू नकोस, जानेवारीत लग्न आहे. स्क्रीनवर दाखवू."

वर्षभरापूर्वी सरकारने दवाखान्यावर एक अँटेना बसवली होती. कॉम्प्युटरमधून राजधानीचे, सांतियागोचे डॉक्टर दिसायचे. आम्हा लोकांचा त्यावर विश्वास नव्हता. पण बाईंनी त्यातली मेख ओळखली होती: सांतियागोच्या डॉक्टरला आमच्या बेटावरचं कुणी ओळखत नाही, आणि त्याच्याशी बोलावं लागत नाही, लिहून चालतं. भिंत एका फळीची असली तरी लिहिलेलं ऐकू जात नाही.

फक्त फोटो लागायचा. बाईंनी मला फोन हातात दिला आणि टोपलीतला एक बटाटा काढून टेबलावर ठेवला.

"हे काय?"

"आधी याचा फोटो काढ. डोळे स्पष्ट दिसले पाहिजेत. मी काही तुझ्यासाठी फोटो काढत बसणार नाही आणि तुलाही ते नको आहे."

मी बटाट्याचे सात फोटो काढले. पहिल्यात माझा अंगठा, दुसऱ्यात छत, तिसऱ्यात बटाटा, पण धुक्यातला. बाई एकेक बघून म्हणायच्या, "हलला. हलला. बटाटा हलत नाही रोसामेल, तू हलतोस." आठवा पास झाला. मग त्या पाठ करून पडद्याच्या अलीकडे मोजा विणत बसल्या आणि मी माझं काम केलं.

स्क्रीनवरची डॉक्टर माझ्या मुलापेक्षा लहान असेल. तिने फोटो बघितले, चार प्रश्न लिहून विचारले, बाईंना रक्त घ्यायला सांगितलं, आणि मग एक वाक्य लिहिलं जे मी अजून विसरलो नाही. तिने लिहिलं, हा विषाणू फार जणांना होतो, अंगात वर्षानुवर्षं गुपचूप बसून राहतो, तेव्हा कुणापासून आला ते शोधत बसू नका. मी ते तीनदा वाचलं. नेल्दाचा चेहरा आठवला आणि तिच्यावर दोन महिने मनातल्या मनात जो संशय घेतला होता त्याची लाज वाटली. मी तिथे रडलो. बाईंनी किटलीचं झाकण जरा जास्त खडखडवलं.

"मलम पुढच्या बुधवारच्या बोटीने येईल," त्या म्हणाल्या. "माझ्या नावाने, दवाखान्याच्या थैलीत. तुझं नाव कुठेही नाही. पण माझी एक अट आहे. एर्सिल्याला लग्नाआधी तू सांगायचंस. तू, तुझ्या तोंडाने. तिलाही तपासून घ्यावं लागेल."

मी हो म्हटलं. त्या क्षणी मी कशालाही हो म्हटलं असतं. दार उघडून त्या ओरडल्या, "प्रेशर ठीक आहे, फिस्काल! मीठ कमी खा!"

सगळं नीट झालं असतं. पण शुक्रवारी वारा सुटला, अँटेना वाकडी झाली आणि बेटाचे फोन बंद पडले.

आमच्याकडे फोन बंद पडला की लोक काय करतात? रेडिओवर निरोप देतात. चाळीस वर्षं हेच चालत आलं आहे. रोज दुपारी बारा वाजता समुद्रापलीकडच्या गावच्या रेडिओवर बेटांसाठीचे निरोप वाचतात आणि सगळी बेटं हातातलं काम टाकून ऐकतात. कुणाची मावशी दवाखान्यातून सुटली, कुणाचं पोतं कुठल्या बोटीत आहे, सगळं. गावातल्या औषधाच्या खिडकीवरच्या कुणा भल्या बाईला वाटलं, फोन लागत नाही, पेशंटची गैरसोय नको. तिने निरोप लिहून रेडिओवर पाठवला. तिचा हेतू चांगला होता, हे मी आज म्हणू शकतो.

मी तेव्हा दोन्या सुनील्दाच्या, म्हणजे सुनील्दाबाईंच्या, दुकानात पीठ घेत होतो. दुकानात सहा-सात माणसं होती. रेडिओ खिडकीत. आधी एका डुकराचा निरोप झाला, मग हा आला:

"दवाखान्यासाठी निरोप. स्क्रीनवर तपासलेल्या पेशंटचं चामखिळींचं मलम बुधवारच्या बोटीने येत आहे. आठवड्यातून तीनदा, झोपण्यापूर्वी, फक्त नाजूक जागी पातळ लावावं. सकाळी साबणाने धुवावं. मलम लावलेलं असताना शरीरसंबंध टाळावा." रेडिओवाल्याने घसा खाकरला. "पुढचा निरोप. अवेलिनो, तुमचा चष्मा सापडला आहे."

आणि सुरुवातीला त्याने आमच्या बेटाचं नाव घेतलं होतं. तेवढंच नाव पुरेसं होतं.

दोन्या सुनील्दा काउंटरवर दोन्ही कोपर टेकून पुढे झाली. "नाजूक जागी! ऐकलंत ना फिस्काल? कोण असेल हो?"

"देव जाणे," मी म्हटलं आणि पीठ तिथेच विसरून घरी आलो.

चार दिवस बेटावर दुसरा विषय नव्हता. सालमन माशांच्या पिंजऱ्यांवर काम करणाऱ्यांची नावं आली, शाळेच्या मास्तरांचं आलं, बेलार्मिनोचं तर आलंच, तो बोटीवर बसून प्रत्येकाला शिव्या देत होता. माझं नाव कुणी घेतलं नाही. फिस्काल कुणाच्या डोक्यातच येईना. मी ते ऐकायचो आणि आतल्या आत वितळायचो.

बुधवारी बोट आली तेव्हा धक्क्यावर चाळीसेक माणसं असतील. एरवी सात असतात. प्रत्येकाकडे निमित्त होतं. कुणी कोंबडी पाठवायला आलेला, पण कोंबडी घरीच राहिलेली. कुणी नुसताच हवा बघायला, आणि हवा अशी की डोळे उघडत नव्हते. मला मात्र खरंच यावं लागलं होतं, चॅपेलच्या मेणबत्त्यांचं खोकं त्याच बोटीने येणार होतं. मी मागे उभा होतो.

बेलार्मिनोने दवाखान्याची थैली वर काढली. ती फाटलेली होती, आणि वर एक छोटं पांढरं पाकीट दिसत होतं. त्याने ते उचलून धरलं. "हे घ्या! याच्यापायी चार दिवस माझं नाव खराब झालं. कुणाचं आहे ते आत्ता इथे सांगा!"

एदुविनाबाई धक्क्याकडे खाली येत होत्या. सगळ्यांच्या नजरा इकडून तिकडे फिरू लागल्या. आणि मग सुनील्दाने मागे वळून माझ्याकडे बघितलं. तिचे डोळे बारीक झाले.

"अगंबाई, फिस्काल, तुम्ही का हो एवढे लाल झालात?"

मला वाटलं, संपलं. चॅपेल संपलं, एर्सिल्या संपली.

"मलम माझं आहे," एदुविनाबाई म्हणाल्या.

त्या सुनील्दाच्या आणि माझ्या मध्ये येऊन उभ्या राहिल्या होत्या. आवाज तोच, मिठाच्या निरोपाचा. त्यांनी बेलार्मिनोच्या हातातून पाकीट घेतलं आणि अ‍ॅप्रनच्या खिशात, मोज्याशेजारी टाकलं.

"तुमचं?" सुनील्दाला विश्वास बसेना. "बाई, तुम्हाला... या वयात?"

"अठ्ठावन्न. का, नाजूक जागा साठीपर्यंत गळून पडते का? दाखवू का इथेच?"

कुणीतरी फस्सकन हसलं. मग सगळेच हसले, मोठमोठ्याने, पोट धरून. बाईही हसल्या. हसत हसत वर चढल्या आणि त्यांनी एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. मी माझं मेणबत्त्यांचं खोकं उचललं आणि घरी गेलो. एक शब्द बोललो नाही. हे लिहून ठेवतो, कारण माझ्याबद्दल कुणाला काही चांगलं वाटायला लागलं असेल तर ते आधी पुसलं जावं.

संध्याकाळी त्या माझ्याकडे अंडी घ्यायला आल्या आणि टोपलीत पाकीट ठेवून गेल्या. "पातळ लाव. जळजळ होईल, लाल होईल. फार झालं तर दोन दिवस थांब, पण सोडू नकोस."

"बाई, तुम्ही हे..."

"अंडी दे," त्या म्हणाल्या.

हसून संपलं असतं तर ठीक होतं. पण हसणं ओसरल्यावर लोकांना घाण वाटायला लागली. अठ्ठावन्न वर्षांची अविवाहित बाई, तिचं कुणाशी? पोरांच्या आया म्हणाल्या, लस बोटीवरच्या डॉक्टरकडूनच घेऊ. मंगळवारच्या बाकावर तीनच माणसं दिसू लागली. आणि सगळ्यात वाईट म्हणजे येर्बा.

रविवारी प्रार्थनेनंतर आम्ही हॉलमध्ये शेगडीभोवती बसतो. एकच भोपळ्याचा पेला, एकच धातूची नळी, कडू येर्बा, म्हणजे पानांचा काढा, गोल फिरते. पाजणारा भरतो, पुढच्याला देतो, तो पिऊन परत देतो. कुणाला वगळायचं नसतं. भांडण असलं तरी नसतं. त्या रविवारी पाजायला सुनील्दा होती. तिने मला दिला, मी प्यालो. माझ्या शेजारी बाई होत्या. सुनील्दाने पेला भरला आणि बाईंना ओलांडून पुढच्याला दिला.

बाईंनी खिशातून मोजा काढला आणि विणायला घेतला.

असे आठ रविवार गेले. आठही रविवार मी त्या नळीला तोंड लावलं, ज्याला खरंच रोग होता त्याने, आणि शेजारी बसलेल्या निरोगी बाईला लोकांनी वगळलं. मी मूग गिळून बसलो. मनाशी म्हणायचो, आज बोलेन. मग एर्सिल्याचे भाऊ आठवायचे.

मलमाने मात्र काम केलं. जळलं, सोललं, आणि डिसेंबरपर्यंत सगळं साफ झालं. डॉक्टर मुलीने फोटो बघून लिहिलं, छान. बाई मागून म्हणाल्या, "फोटोही आता चांगले काढतोस. आता समोरच्या बेटावर जा."

एर्सिल्या किनाऱ्यावर समुद्रशेवाळ वाळत घालत होती. मीही वाकून पसरू लागलो. वाकलेला असताना बोलणं सोपं जातं, तोंड दिसत नाही. मी सगळं सांगितलं. चामखिळी, व्हिनेगर, राख, बटाटा, डॉक्टरीण, मलम. ती शेवाळ पसरत राहिली.

"म्हणून चार महिने माझ्यापासून हातभर लांब बसायचास?" ती शेवटी म्हणाली. "मी म्हणत होते, मी जाड झाले म्हणून."

"तू रागावली नाहीस?"

"राखेसाठी रागावले. राख लावतात का रे तिथे? मी तपासून घेईन. माझा नवरा काय संत नव्हता, माझ्या अंगातही काय बसलंय कुणाला ठाऊक." मग ती सरळ उभी राहिली. "थांब. रेडिओवर आलं होतं ते मलम हेच? आमच्याकडेही ऐकलं. पण लोक म्हणाले, ते तुमच्या एदुविनाचं."

मी तेही सांगितलं. धक्का, आणि येर्बा.

तिचा चेहरा तेव्हा बदलला. रोगाने बदलला नव्हता. "आठ रविवार? आणि तू प्यायचास?"

"हो."

"तिच्या शेजारी बसून?"

तिने ओल्या शेवाळाचा गोळा माझ्या छातीवर फेकून मारला आणि घरात निघून गेली. मला वाटलं, लग्न मोडलं.

रविवारी ती पहिल्या बोटीने आमच्या बेटावर आली. प्रार्थनेला बसली. मग हॉलमध्ये आली, सुनील्दाच्या हातातून किटली काढून घेतली आणि म्हणाली, "दोन्या, आज मी पाजते. सून होणार आहे मी या बेटाची, सवय करायला हवी." पहिला पेला भरला आणि सरळ एदुविनाबाईंच्या हातात दिला.

बाईंनी तिच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. त्या सगळं समजल्या. सावकाश प्यायल्या, नळी खळखळ वाजेपर्यंत. एर्सिल्याने पेला परत घेतला, भरला, स्वतः प्यायली, नळी न पुसता. तिसरा माझ्या हातात दिला. माझ्या आयुष्यात मी इतकी कडू आणि इतकी चांगली येर्बा प्यालो नाही. फिस्काल प्यायला म्हटल्यावर बाकीचेही प्यायले. सुनील्दाने सगळ्यात शेवटी घेतला आणि घोट घेऊन म्हणाली, "साखर घाला गं कुणीतरी." त्यावर पेला परत फिरायला लागला.

मी त्याच दिवशी बाईंना म्हटलं, "मी सगळ्यांना सांगतो." त्या म्हणाल्या, "सांगायचं राहू दे. मला तुझं मेणबत्त्यांचं खोकं हवंय."

कारण तोपर्यंत काही लोक गुपचूप त्यांच्याकडे यायला लागले होते. मंगळवारचा बाकही मग पुन्हा भरला, आणि त्यातले काही प्रेशरवाले प्रेशरसाठी आलेले नव्हते. मलम रेडिओने यायला नको, थैलीने यायला नको. चॅपेलच्या मेणबत्त्यांचं खोकं मात्र फिस्कालशिवाय कुणी उघडत नाही. गावातल्या औषधाच्या खिडकीवरच्या त्या बाईने, रेडिओची चूक कळल्यापासून ती शरमेने अर्धी झाली होती, मेणबत्त्यांच्या दुकानात स्वतः जाऊन पाकीट खोक्याच्या तळाशी ठेवायचं कबूल केलं. तीन वर्षांत माझ्या खोक्यातून एकोणीस पाकिटं आली. मी ती बाईंना दिली. कुणाची, ते मी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी मीठ कमी खायला सांगितलं असतं.

एर्सिल्याशी माझं लग्न जानेवारीतच झालं. तिची तपासणी ठीक निघाली. डुक्करही चांगलं निघालं.

मागच्या मार्चमध्ये बाई निवृत्त झाल्या. हॉलमध्ये निरोपाचं जेवण होतं. खड्ड्यात तापलेल्या दगडांवर शिंपले, मांस, बटाटे, सगळं बेट आलेलं. बेलार्मिनोने गळाची गोष्ट सांगितली. सुनील्दा उठली आणि तिने धक्क्यावरची सांगितली, "दाखवू का इथेच!" आणि हॉल हसून हसून वाकला. चार वर्षांत ती गोष्ट बेटाची आवडती झाली होती. बाईही हसत होत्या.

मला ते सहन झालं नाही. त्या दुसऱ्या दिवशी बेट सोडून चालल्या होत्या, आणि लोक त्यांना कायमचं यासाठी लक्षात ठेवणार होते, माझ्या रोगासाठी. मी चिचाचा, म्हणजे सफरचंदाच्या दारूचा, पेला घेऊन उभा राहिलो. एर्सिल्याने माझा कोट धरला नाही, उलट होकारार्थी मान हलवली.

"मला एक सांगायचं आहे," मी म्हटलं. "त्या मलमाबद्दल."

एदुविनाबाई त्यांच्या जागेवरून उठल्या आणि जणू माझी कॉलर नीट करायची आहे अशा माझ्याजवळ आल्या. रुंद हात माझ्या खांद्यावर ठेवला आणि फक्त मला ऐकू येईल असं म्हणाल्या, "गप्प बस, रोसामेल."

"बाई, तुमची बदनामी..."

"ते सगळे माझ्याकडे का आले माहीत आहे तुला? स्क्रीनसाठी नाही. बाईंनाही झालंय, म्हणून. माझ्यासमोर बसून ते म्हणायचे, तुम्हाला तर माहीतच आहे बाई, कसं वाटतं. मी म्हणायचे, हो. आज तू ते खोटं ठरवलंस तर ते इथे बसल्या बसल्या पुन्हा एकटे पडतील. तुला हलकं व्हायचंय ना? नको होऊस."

मग त्यांनी माझ्या खांद्यावर थाप मारली आणि नेहमीच्या आवाजात ओरडल्या, "आणि मीठ कमी खा, फिस्काल!"

हॉल पुन्हा हसला. सगळे माझ्या वाक्याची वाट बघत होते. मी पेला वर केला.

"बाईंच्या मलमाला!" मी म्हटलं.

"बाईंच्या मलमाला!" सगळं बेट ओरडलं, पेले आपटले, हसण्याने फळ्या हलल्या. सगळे मात्र हसत नव्हते. इकडे तिकडे काही माणसं नुसती उभी राहिली होती, पेला दोन्ही हातांत धरून, डोळे बाईंवर. त्यांच्यात एक चेहरा असा होता की मी कधी कल्पनाही केली नसती. मी लगेच मान खाली घातली आणि पेला संपेपर्यंत वर बघितलं नाही.